बेळगावहून मालिकेत यायचंय? आधी मागाचं गणित समजून घे

खानापूर तालुक्यातल्या एका 23 वर्षांच्या मुलीचा प्रश्न माझ्यापर्यंत आला. ती बी.कॉम. झाली आहे आणि कॉलेजात असताना तिने तीन एकांकिका केल्या आहेत. मालिकेसाठी पहिलीच ऑडिशन दिली तेव्हा तिला सांगितलं गेलं की अभिनय ठीक आहे, भाषा गावठी आहे. घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागे लागलेत. ती विचारते: मुंबईला कधी जाऊ? भाषेचं काय करू? आणि एकदा मालिका लागली की पुढचं आयुष्य मार्गी लागतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते कळलं की बाकीची दोन सोपी होतात. नाही लागत, बाळा. मालिका लागते, चालते आणि संपते. मग पुन्हा पहिल्यासारखं ऑडिशनच्या रांगेत उभं राहायचं असतं. मी 2003 पासून हे करते आहे. नायिका कधीच नव्हते. शेजारीण, नर्स, काकू, आत्या अशी कामं केली आणि 36 व्या वर्षी पहिल्यांदा नायकाची आई झाले. तो नायक माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होता. तेव्हापासून आईच आहे. म्हणजे मी जे सांगते आहे ते पोस्टरवर चेहरा असणाऱ्यांचं नव्हे, पण या धंद्यात बहुतेक जण माझ्यासारखेच असतात.

मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या गल्लीत दिवस उजाडायचा तो मागांच्या आवाजाने. आप्पा दुसऱ्याच्या मागावर साड्या विणायचे. साडी उतरली की मजुरी. सूत आलं नाही, वीज गेली, व्यापाऱ्याने माल उचलला नाही, की माग बंद आणि मजुरीही बंद. आई घरात कांड्या भरायची. घरात एक रीत होती: हातात चार पैसे जास्त आले की आधी तांदूळ आणि गूळ भरून ठेवायचा, कापडचोपड नंतर. लहानपणी मला त्या रीतीचा राग यायचा.

2008 साली पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली, नायिकेच्या काकूची. कुंद्याचा पुडा घेऊन घरी गेले. आप्पांनी पुडा बाजूला ठेवला आणि तीन प्रश्न विचारले. दिवसाला किती? महिन्यात दिवस किती भरतील? पैसे हातात कधी? पहिल्याचं उत्तर मी दिलं, दुसऱ्याचं अंदाजाने दिलं, तिसऱ्याचं मला माहीत नव्हतं. आप्पा म्हणाले, "मग मागच की हा." त्या दिवसापासून कुठलाही करार हातात आला की मी हेच तीन प्रश्न विचारते. तूही विचार. विचारायला लाजू नकोस. विचारलं म्हणून कुणी काम काढून घेत नाही, आणि घेतलंच तर ते काम नको होतं असं समज.

आता हा माग कसा चालतो ते सांगते. वाहिनी निर्मिती संस्थेला मालिका करायला देते. तुझा करार होतो तो त्या निर्मिती संस्थेशी, वाहिनीशी नाही. पैसे दिवसावर ठरतात. समज, दिवसाला 3,000 ठरले आणि महिन्यात 12 दिवस काम झालं. झाले 36,000. त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, गेला की राहिले 32,400. जूनमध्ये केलेल्या कामाचं बिल महिनाअखेरीला लागतं, आणि करारात 90 दिवसांचं क्रेडिट, म्हणजे उधारी, असेल तर ते पैसे सप्टेंबरच्या शेवटी खात्यावर येतात. म्हणजे जून ते सप्टेंबर, चार महिन्यांचं भाडं, जेवण आणि रिक्षा तुला आधीच्या शिल्लकीतून भागवायची आहे, आणि तेही काम चालू असताना! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या मोठ्या मालिकेच्या तिसऱ्या महिन्यात मी रोज पडद्यावर दिसत होते आणि खोलीचं भाडं द्यायला बहिणीकडून पैसे मागवत होते. बेळगावात लोक आईला म्हणत होते, पोरगीनं नाव काढलं.

एक गोष्ट नवीन मुलं हमखास सोडून देतात. कापलेला टीडीएस तुझाच असतो. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. तू बी.कॉम. आहेस, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. करारात आणखी तीन गोष्टी बघ: महिन्याला किमान किती दिवस देणार हे लिहिलंय का, दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, आणि तुझं पात्र बंद करायचं झालं तर किती दिवस आधी सांगणार. किमान दिवस लिहिलेले नाहीत आणि बाहेर काम करायला बंदी आहे, अशी जोडी असेल तर सही करण्याआधी बोल. म्हणजे माग त्यांचा, सूत त्यांचं, आणि तू रिकामी बसून राहणार.

पात्र बंद होतं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या बीएआरसीचे आकडे गुरुवारी येतात. आकडा घसरला की लेखकांची टीम गोष्ट वळवते, त्याला आम्ही ट्रॅक बदलला म्हणतो. तुझ्या पात्राचा ट्रॅक संपला की ते पात्र तीर्थयात्रेला जातं किंवा मुलाकडे परगावी जातं. तुझा अभिनय कमी पडला असा त्याचा अर्थ नसतो. माझी पहिली काकू चौदा महिने चालली आणि एका बुधवारी मला फोन आला की पुढच्या आठवड्यापासून तारखा नाहीत. मी रात्रभर स्वतःचे जुने भाग बघत बसले होते, कुठे चुकले ते शोधायला. तसं काही नव्हतं. गोष्ट दुसऱ्या घरात गेली होती, एवढंच.

कामाचा दिवस बारा तासांचा. सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, असेल तर मेकअपच्या खुर्चीत सातला बसायचं, आणि चित्रीकरणाचा बंगला ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा मढला असेल तर पाचला घर सोडायचं. अर्ध्या तासाच्या जागेतून जाहिराती काढल्या की साधारण 22 मिनिटांची गोष्ट उरते. आठवड्याला सहा भाग धरले तर 132 मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला एका चित्रपटाएवढं चित्रीकरण. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, असेल तर सीन आदल्या रात्री मिळतात. बँक संपली असेल तर पानं सेटवर हातात येतात, वाचता वाचता लाइट लागतो. पाठांतर पक्कं हवं, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच. आमच्या गल्लीतल्या भजनात दर आठवड्याला नवे अभंग पाठ करायची सवय होती, ती मला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडली.

नाटकातून येणाऱ्यांना एक अडचण येते, ती तुलाही येईल. बेळगावच्या गोगटे रंगमंदिरात आपण शेवटच्या रांगेतल्या आजीसाठी बोलतो. सेटवर माइक छातीशी लावलेला असतो, कॅमेरा चेहऱ्याजवळ. आवाज कमी करायचा म्हणजे जोर कमी करायचा नाही, हे जमायला मला वर्ष लागलं. हातातल्या बांगड्या आणि मंगळसूत्र माइकवर वाजतात, तेव्हा रडताना छातीवर हात आपटायचा नाही. समोरच्याचा क्लोज लागला असेल, म्हणजे फक्त त्याचाच चेहरा घेत असतील, आणि तू कॅमेऱ्याबाहेर असशील, तरी त्याला क्यू, म्हणजे तुझी वाक्यं, पूर्ण मनापासून दे. मोबाइल बघत क्यू देणारी माणसं युनिटला पाठ असतात. पुढच्या मालिकेत तुझं नाव सुचवतो तो बऱ्याचदा असिस्टंट डायरेक्टर किंवा मेकअपदादा असतो, हे ध्यानात ठेव.

आता भाषा. तुला गावठी म्हणाले ते वाचून मला माझी 2003 ची ऑडिशन आठवली. सीन संपवून मी म्हणाले, "बरं, मी येतो." खोलीतले चौघेही हसले. आपल्याकडे, बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात, बायका "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. माझी आजी बोलायची, आई बोलते. त्यांना ते बाईने पुरुषासारखं बोलणं वाटलं. परत येताना मी स्वतःशी ठरवलं की हे सगळं पुसून टाकायचं. सहा महिने पुस्तकी मराठी घोकली. हेल गेला, "काय करालीस" गेलं, वाक्यामागचा "की" गेला. आणि त्यांच्याबरोबर माझ्या बोलण्यातला जीवही गेला. पुढच्या पाच ऑडिशनमध्ये मला कुणी हसलं नाही आणि कुणी घेतलंही नाही.

ही चूक तू करू नकोस. प्रमाण मराठी शीक, ती यायलाच हवी, पुणेरी घरातली सून करायची तर दुसरा इलाज नाही. पण ती बोलीच्या शेजारी ठेव, बोलीच्या जागी नको. शिकताना व्याकरणाच्या मागे लागण्याआधी हेलाकडे लक्ष दे. आपण वाक्याचा शेवट वर उचलतो, ऐकणाऱ्याला आपला प्रदेश कळतो तो तिथून. रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. माझ्या वेळी मी सांगली आकाशवाणीच्या निवेदिकांमागे म्हणत बसायचे. आणि आपले "ळ" आणि "ण" ठणठणीत असतात, कन्नडच्या शेजारामुळे असेल. ते तेवढे मुंबईला जाऊन मऊ करू नकोस.

गावाकडच्या मालिका आल्या तेव्हा मला याची खरी किंमत कळली. 2016 ला सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात होत असे. त्या सुमाराला एकाएकी सगळ्यांना त्या मातीतली भाषा बोलणारे लोक हवे झाले. ज्यांनी बोली जपली होती त्यांना काम मिळालं. माझी मी शोधून परत आणली, आईशी रोज फोनवर तासभर बोलून. एक सावध करते: बेळगावी भाषा पुष्कळदा फक्त हसवण्यासाठी मागतात. हेल काढणारा नोकर, गोंधळलेला मामा. मी अशा दोन भूमिका केल्या आणि तिसरी नाकारली, कारण त्या पात्राला भाषेपलीकडे काहीच नव्हतं. ज्या बोलीत माझी आजी मयतीला गेली, रडली, भांडली, ती बोली फक्त हशासाठी नसते. तू सुरुवातीला नाकारू शकणार नाहीस, ते मला कळतं. पण त्या पात्राला एक तरी खरा क्षण दे, दिग्दर्शकाकडे मागून घे.

आणि या भागातून कोण निघालं तेही ध्यानात असू दे. चित्रपटातल्या सुलोचनाबाई लाटकर निपाणी-चिकोडीकडच्या खडकलाटच्या. 'शाकुंतल' संगीत नाटकाच्या रूपात 1880 ला रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला, तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघितल्यावर. मराठी नाटकाच्या मुळाशीच कन्नडचा शेजार आहे. तुझ्या तोंडात दोन्ही भाषा आहेत, ते तुझं भांडवल आहे.

हे भांडवल माझ्या कधी उपयोगी आलं ते सांगते. काकू बंद झाल्यावर अकरा महिने मला काम नव्हतं. आईने डब्यात भरून ठेवलेल्या तांदळासारखी शिल्लक होती ती सात महिन्यांत संपली. मी वडगावला परत आले. शाळेच्या स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली, शिकवण्या घेतल्या. लोक विचारायचे, सुट्टीवर का? त्या दिवसांत एका ओळखीच्या माणसाने बेंगळुरूच्या एका कन्नड मालिकेत मराठी बाईची छोटी भूमिका आहे असं सांगितलं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर गेले, सकाळी सेटवर. कन्नड मला गल्लीतलं येत होतं, बाजारातलं. तिथल्या सहायकाने धारवाडी आणि म्हैसुरी कन्नडमधला फरक समजावला. म्हणजे तिथेही माझ्याच प्रश्नाची दुसरी बाजू होती: उत्तर कर्नाटकाच्या कन्नडलाही तिकडे गावठी म्हणतात. नऊ दिवसांचं काम होतं. पण तेव्हापासून मी दोन बाजारांत उभी आहे. मालिकांच्या गोष्टीसुद्धा या सीमेवरून ये-जा करतात. 'तुझ्यात जीव रंगला'चीच कन्नडमध्ये 'जोडी हक्की' झाली. 2020 पासून कन्नड वाहिन्यांवर डब केलेल्या मालिका वाढल्या, तेव्हा आवाजाचं कामही मिळू लागलं. मार्च 2020 ला सगळी चित्रीकरणं थांबली आणि मराठीतलं उत्पन्न शून्य झालं, त्या वर्षात मला याच कामाने तारलं. या नोकरीत खरं करिअर मालिका चालू असताना घडत नाही, मधल्या रिकाम्या महिन्यांत घडतं. तेव्हा तू काय शिकतेस आणि किती दिवस टिकतेस, त्यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

म्हणून मुंबईला कधी जावं, याचं माझं उत्तर: सहा महिन्यांचा खर्च खात्यावर असेल तेव्हा. त्याआधी नको. बँकेची परीक्षा देऊन नोकरी लागली तर दोन वर्षं कर. मी स्वतः एका पतसंस्थेत कारकून होते, सुट्ट्या जमवून ऑडिशनला जायचे. त्या दोन वर्षांत कोल्हापूर केंद्रावरच्या नाट्यस्पर्धा बघ, जमलं तर त्यात काम कर. आज ऑडिशनचा पहिला टप्पा मोबाइलवर व्हिडिओ पाठवूनच होतो, त्यासाठी मुंबईत राहावं लागत नाही. शिक्षण घ्यायचं असेल तर पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यशाखा आहे, आणि कन्नड चांगलं असेल तर कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचाही विचार कर. तिथे शिकलेला नट लांबूनही ओळखू येतो.

अंतराचं गणितही धर. पुणे साधारण 340 किलोमीटर, मुंबई पाचशेच्या आसपास. एरवी रात्रीची बस पुरते. पण आपण सीमेवर राहतो. डिसेंबर 2022 मध्ये वाद पेटला तेव्हा एसटी बंद झाल्या. मला सकाळी नऊचा कॉल होता. मी कोगनोळी नाक्यापर्यंत एका ओळखीच्या गाडीतून गेले, तिथून चालत पलीकडे, मग कागलहून मिळेल त्या वाहनाने. चार तास उशीर झाला आणि त्या दिवसाचे पैसे कापले गेले. युनिटमध्ये कुणाला कारण समजावता आलं नाही, त्यांच्यासाठी सीमा म्हणजे बातमीतला शब्द होता. तेव्हापासून महत्त्वाच्या तारखेच्या आधी मी दोन दिवस मुंबईत असते.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, पण मनापासून. काम मिळवून देतो म्हणून ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, कार्डासाठी कुणीही पैसे मागितले की उठून निघून ये. खरं कास्टिंग करणारा माणूस कलाकाराकडून पैसे घेत नाही. मी 2002 मध्ये अंधेरीतल्या एका कचेरीत पाच हजार भरले होते, आप्पांच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या मजुरीएवढे, आणि पुढच्या महिन्यात त्या जागेला कुलूप होतं. आप्पांना मी हे कधीच सांगू शकले नाही. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री उशिरा असेल तर जाऊ नकोस. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असायला हवी. सेटवर पहिल्या दिवशी तिच्यात कोण आहे ते विचारून ठेव. विचारणाऱ्या मुलीशी लोक जपून वागतात, हे मी बघितलं आहे.

आता तू लगेच काय करायचं. नवा व्हिडिओ कर. खिडकीकडे तोंड करून उभी राहा, उजेड चेहऱ्यावर येऊ दे, मागे साधी भिंत. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. साधा एकरंगी पोशाख, दागिना नको. आधी नाव, वय, उंची, गाव सांग, मग दोन्ही बाजूंचा चेहरा दाखव. संवाद वाचायला समोर कुणीतरी बसव, भावाला किंवा वहिनीला, रिकाम्या भिंतीशी बोलू नकोस. दोन मिनिटांचा एकच प्रसंग घे: घरात पैसे संपलेत आणि दारात देणेकरी उभा आहे. तो एकदा प्रमाण मराठीत कर, एकदा तुझ्या आजीच्या बोलीत आणि एकदा कन्नडमध्ये. तिन्ही वेगळ्या फाइली कर. मग त्या तुझ्या आजीला दाखव, आणि ती कुठल्या फाइलीत गप्प होते ते बघ. सगळ्यांत आधी ती पाठव.